टबातल्या खुनाचा तपास

खेकडे सांभाळण्यात काय कठीण आहे? जन्म ग्रंथालयात काढलेल्या माणसाला तर मुळीच नाही! आमची नात गंधाली कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गोराईच्या खाडीतली खेकड्यांची पिल्लं बाल्कनीतल्या टबात पाळते. आज तिला अंधेरीला सरांना भेटायला जायचं होतं.

"आजोबा, फक्त लक्ष ठेवा. एक जरी मेलं तरी माझी सगळी मेहनत वाया जाईल. ही जात एकमेकांना खाते!"

"निश्चिंत जा!" मी म्हणालो. खेकड्यांवरचं पुस्तक मी निम्मं वाचलंही होतं!

दुपारी टबात डोकावलो. एक पिल्लू मरून पडलं होतं. पाय, नांग्या, डोळे, सगळं जागच्या जागी. पण आत काहीच नाही! सारण भरायचं राहिलेल्या करंजीसारखं पोकळ!

"उत्तरा! खून झाला!"

बायको हात पुसत आली. तोवर मला खापरीखाली दुसरा खेकडा सापडला होता. अंग चोरून बसलेला, फिकट आणि चांगलाच फुगलेला.

"हाच खुनी! खाऊन फुगलाय आणि आता लपलाय!"

"लपला म्हणून खुनी? अहो, पाहुणे आले की तुम्हीही आतल्या खोलीत लपता. तुम्ही कुणाला खाल्लंत?"

माझी खात्री डळमळायला तेवढं पुरतं. पण तेवढ्यात माझी आरोळी ऐकून वरच्या मजल्यावरचा चंद्रप्रकाश धावत आला. "काका, कोण गेलं?"

मी टब दाखवला.

"सिंपल आहे, काका! पोट फुगलेलं, तोंड लपवलेलं, बाजूला बॉडी! अजून काय पुरावा पाहिजे?"

"पण हा हाताला अगदी मऊ लागतोय रे."

"नाटक आहे ते! बाहेर काढा, नाहीतर सगळ्यांना साफ करेल. नातीच्या प्रोजेक्टची वाट लागेल!"

"मग वेगळा ठेवू?"

"एकटा ठेवलात तर आराम करेल! त्या सगळ्यात दांडग्याबरोबर ठेवा. त्यानं नांग्या दाखवल्या की सरळ होईल!"

मला हे पटलं नव्हतं. पण इतक्या मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाचं चुकत असेल, असं मला कधी वाटतच नाही. दुधाच्या पातेल्यात टबातलं पाणी घेतलं, आरोपीला आणि दांडग्याला आत सोडलं, वर ताट झाकलं. आत जरा खडखडलं. मग शांतता.

"सुधारला!" चंद्रप्रकाश म्हणाला.

गंधाली आली तेव्हा मी मान खाली घालून बशीतला मृतदेह पुढे केला.

"अय्या! टाकलं एकदाचं!" ती चक्क नाचायला लागली. मला काही कळेना. हल्लीच्या मुलांचं दुःख असं असतं का?

"आजोबा, हे नुसतं जुनं कवच आहे! खेकडा वाढला की यातून बाहेर येतो. मी याचीच तर वाट बघत होते! नवं कवच मऊ असतं, म्हणून तो लपतो. नाहीतर बाकीचे त्याला खाऊन टाकतात. कुठेय तो?"

मी चंद्रप्रकाशकडे पाहिलं. चंद्रप्रकाशनं पंख्याकडे पाहिलं. उत्तरानं ताट उचललं.

आत दांडगा एकटाच होता. शेवटचा पाय चघळत!

गंधालीनं माझ्या हातातली कवचाची बशी काढून घेतली.

"म्हणजे..." मी चाचरत विचारलं, "खून झालाच नव्हता?"

"झाला की!" उत्तरा म्हणाली. "फक्त तुम्ही छडा आधी लावलात, खून नंतर झाला."