मार्नीच्या लग्नाची अठरा इंची चाकं

लग्न दहा दिवसांवर आलं तेव्हा कोसेकांच्या घरात दोन काळज्या होत्या. लोर्नाला काळजी होती, दोनशे माणसांना पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, पुरतील की नाही याची. तिच्या नवऱ्याला, म्हणजे वर्लिनला, काळजी होती चाकांची.

गाडी एकोणसत्तर सालची पॉन्टिॲक होती. दोन दारं, पुढे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि ते सुरू झालं की शेजारच्या ऑर्विलच्या स्वयंपाकघरातल्या बशा वाजायच्या. मार्नी जन्मली तेव्हा दवाखान्यातून याच गाडीतून घरी आली होती, आणि लग्नालाही याच गाडीतून जाणार असं तिनं वयाच्या आठव्या वर्षी जाहीर करून टाकलं होतं. चाकं कारखान्यातून आली तशीच होती. चौदा इंची, टायरला लाल रेघ. इतक्या वर्षांत त्यांना कुणी नावं ठेवली नव्हती.

मग जावई आला. कोल्टन तसा भला मुलगा. पण त्याची गाडी नव्या जमान्यातली, दांडग्या इंजिनाची मसल कार होती आणि तिला वीस इंची चाकं होती. वर्लिननं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हात पुसता पुसता विचारलं होतं, "ही चाकं आहेत, की काउंटीच्या जत्रेतले पाळणे काढून आणलेस?"

कोल्टन लाजून हसला होता. वर्लिन त्यानंतर महिनाभर खुशीत होता. पण एका रविवारी दोन्ही गाड्या घरासमोर शेजारी शेजारी लागल्या आणि ऑर्विल कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "वर्लिन, राग नको मानू. पण त्या पोराच्या गाडीशेजारी तुझी गाडी ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांवर उभी केल्यासारखी दिसते रे."

वर्लिनच्या ते जिव्हारी लागलं. चर्चसमोर फोटो निघणार, त्यात दोन्ही गाड्या असणार, आणि तो फोटो लोर्ना दिवाणखान्यात लावणार. म्हणजे उरलेलं आयुष्य रोज सकाळी कॉफी पिताना ऑफिसची खुर्ची बघायची.

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता टायरच्या दुकानात गेला.

"अठरा इंची द्या. आठ इंच रुंद," तो म्हणाला.

"जुन्या गाडीला?" काउंटरवरची बाई म्हणाली. "आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला किती जागा आहे, मोजलीत का?"

"मोजली."

"गाडी जमिनीवर उभी असताना मोजलीत ना? चाक वळवून?"

"बाई, मी अडतीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये मडगार्डं ठोकलीत. या राज्यात जी मडगार्डं फिरतात त्यातली निम्मी माझ्या हाताखालून गेलीत. मला मोजायला शिकवू नका."

बाईनं पावती फाडली.

आता वर्लिननं मोजलं होतं हे खरं. पण मोजायला सोपं जावं म्हणून गाडी जॅकनं उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली होती. गाडी हवेत असली की चाकं खाली लोंबतात आणि मडगार्डखाली मांजर झोपेल एवढी जागा दिसते. गाडी जमिनीवर आली की सगळं वजन चाकांवर बसतं, आणि मांजरानं दुसरीकडे जायचं असतं. शिवाय डाव्या बाजूचं पुढचं मडगार्ड मूळचं नव्हतंच. अठ्ठ्याऐंशी साली ऑर्विलची टपालपेटी वर्लिनच्या आडवी आली होती, त्यानंतर बसवलेलं हे मडगार्ड उजव्यापेक्षा अर्धा इंच आत होतं. हे वर्लिनला ठाऊक होतं. पण टपालपेटीचा विषय तो मनातल्या मनातसुद्धा काढत नसे.

गुरुवारी चाकं बसली. गाडी अशी दिसू लागली की वर्लिन तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आला. स्टिअरिंग काही त्यानं फिरवून पाहिलं नाही, कारण गॅरेजातून गाडी सरळच मागे-पुढे होते. जुनी चाकं लोर्नाला कोपऱ्यात सापडली. तिनं ती घासूनपुसून लग्नाच्या जेवणाच्या हॉलवर नेली, त्यांना फुलं गुंडाळली आणि त्यांच्यावर फळी टाकून चार थरांचा केक मांडला.

शनिवारी दुपारी लोर्ना व्हॅन घेऊन पुढे गेली. दोनला लग्न होतं. फादर कझिमिरनं बजावून ठेवलं होतं, "तीनला दुसरी जोडी उभी राहणार आहे. अडीचपर्यंत नवरी आली नाही, तर तुमचा नंबर संध्याकाळी सहाला. मग आधी जेवा आणि नंतर लग्न करा, माझी हरकत नाही."

पावणेदोनला मार्नी पांढऱ्या झग्याचा ढीग सांभाळत मागच्या सीटवर बसली. चर्च नऊ मिनिटांवर. पहिलं वळण उजवीकडचं, ते गाडीनं झोकात घेतलं. वर्लिननं आरशात पाहून मिशीवरून बोट फिरवलं. दुसरं वळण डावीकडचं. त्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि डाव्या चाकातून असा आवाज आला की फुटपाथवरच्या एका बाईनं कुत्रं उचलून कडेवर घेतलं.

त्यानं घाईघाईनं स्टिअरिंग सरळ केलं. आवाज थांबला. पुन्हा थोडं डावीकडे. पुन्हा तोच आवाज, आणि जळक्या रबराचा वास.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. या रस्त्यानं नको जाऊया. गर्दी असते."

रस्त्यावर ती बाई आणि ते कुत्रं सोडलं तर कुणी नव्हतं.

"टायर मडगार्डला घासतोय," मार्नी म्हणाली. तिचं बालपण त्या गॅरेजातच गेलं होतं.

"किंचित घासतोय."

"डावीकडे वळताना."

"डावीकडे वळायलाच पाहिजे असं थोडंच आहे?" वर्लिन म्हणाला. कपाळावर घाम आला होता. "कोल्टनला फोन लाव. म्हणावं, गाडी घेऊन ये."

मार्नीनं फोन लावला आणि वर्लिनलाही ऐकू येईल असा धरला. गाडी घेऊन ये, म्हणून सांगितलं.

"सर," कोल्टनचा आवाज आला, "तुम्हाला आज फोटोच्या वेळी सांगणार होतो. तुम्हाला वीस इंची चाकं आवडत नाहीत ना, म्हणून मी जुन्या पद्धतीची पंधरा इंची मागवली. तुमच्यासाठी. लाल रेघवाली."

"बरं मग?"

"ती बसतच नाहीत. माझ्या ब्रेकची डिस्क त्या रिमपेक्षा मोठी आहे. आणि वीस इंची मी कालच विकून टाकली. गाडी ठोकळ्यांवर उभी आहे सर. मी मित्राच्या पिकअपमधून आलो. पिकअप पाठवू का?"

"पिकअपमध्ये मी बसणार नाही," मार्नी म्हणाली. "मी याच गाडीतून येणार. तू तिथंच थांब." आणि तिनं फोन ठेवून दिला.

वर्लिनला जावयाबद्दल पहिल्यांदाच आतून माया वाटली. पण ती दाखवायला वेळ नव्हता. चर्चला जायला अजून तीन डावी वळणं होती. डावीकडे वळायचं नसेल, तर चौक ओलांडून पुढे जायचं आणि तीनदा उजवीकडे वळायचं. गाडीचं तोंड आपोआप हवं तिकडे होतं. कागदावर हे सोपं आहे.

पहिला वेढा निर्विघ्न पार पडला. दुसरा वेढा मेन स्ट्रीटवरच्या बर्गरवाल्याच्या भोवती पडत होता, आणि तिथली मागची गल्ली नेमकी पाइपलाइनसाठी खोदलेली. वर्लिनला आणखी मोठा वेढा घ्यावा लागला. तो चुकला म्हणून परत एक. आता शनिवारची दुपार, उन्हाळ्याचे दिवस. बर्गरवाल्याच्या आवारात गावातले सगळे जुन्या गाड्यांचे शौकीन खुर्च्या टाकून बसले होते. जुनी गाडी त्याच चौकाला दुसऱ्यांदा वळसा घालताना दिसली की तिच्यामागे लागायचं, हा त्यांचा शिरस्ता. आणि इथं तर मागच्या सीटवर नवरी.

"वर्लिनची पोरगी," एकजण उठत म्हणाला. "मिरवणूक काढलीय. चला, बसा गाडीत."

तिसऱ्या फेरीला मागे एक पिवळी गाडी लागली. चौथ्या फेरीला अकरा. वर्लिननं आरशात पाहिलं, मग घड्याळात. मार्नी मागे वळून हात हलवत होती.

"हात काय हलवतेस? दोन वाजून दहा मिनिटं झालीत."

"होईल हो. काकडी सँडविच खाणार? आईनं डबा दिलाय."

"मार्नी, तुझं लग्न आहे."

"म्हणून तर भूक लागलीय."

तेवढ्यात पोलिसानं शिट्टी मारली. गाडी थांबली, मागच्या अकराही थांबल्या. पोलीस खिडकीशी वाकला. "मिस्टर कोसेक, चौथ्यांदा बघतोय मी तुम्हाला. काही अडचण आहे का?"

अडतीस वर्षं मडगार्ड ठोकलेल्या माणसानं, आपली गाडी मडगार्डमुळे डावीकडे वळत नाही, हे पोलिसाला सांगायचं? तेही मागे अकरा जण कान टवकारून बसलेले असताना? "अडचण कसली," वर्लिन म्हणाला. "नवरीला गाव दाखवतोय."

"ती इथंच वाढलीय ना?"

"नीट बघितलं नव्हतं तिनं."

पोलिसानं टोपी मागे सारली. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "माझ्या पोरीचंही पुढच्या वर्षी आहे. थांबा, मी पुढे होतो. चर्चपर्यंत सोडतो तुम्हाला." आणि वर्लिन नको नको म्हणेपर्यंत तो दिवे लावून पुढे निघालासुद्धा.

पुढच्या चौकात पोलीस डावीकडे वळला. वर्लिन सरळ गेला, आणि मग उजवीकडे. मागच्या अकरा गाड्या त्याच्यामागे उजवीकडे. भोंगा वाजवत, दिवे चमकवत एकटाच पोलीस चर्चच्या दारात पोचला, आणि पायऱ्यांवर ताटकळत उभ्या असलेल्या पाहुण्यांनी त्याच्यावर तांदूळ टाकले.

नवरी पोचली दोन वाजून सत्तावीस मिनिटांनी. फादर कझिमिरनं घड्याळ बघितलं, वाटेत वाढत वाढत एकवीस झालेल्या बाहेरच्या गाड्या बघितल्या, आणि एरवी पाऊण तास चालणारं प्रवचन पाच मिनिटांत आटोपलं. लोक म्हणतात, इतकं चांगलं प्रवचन त्यानं आधी कधी दिलं नव्हतं.

लग्न लागलं, फोटो निघाले. कोल्टनची गाडी नव्हतीच, त्यामुळे फोटोत पॉन्टिॲक एकटी राजासारखी दिसली. मग जुन्या गाड्यांची मंडळी तिच्या डाव्या चाकाभोवती जमली. टायरची कड पार सोलून निघाली होती. ऑर्विल काहीतरी बोलणार तेवढ्यात मार्नी पायऱ्या उतरून आली.

"फादर, तुमच्या टीमची बॅट आहे का इथं?"

फादर कझिमिर चर्चच्या बेसबॉल टीमला शिकवायचा. बॅट आली. मार्नीनं झगा कमरेला खोचला, गुडघे टेकले, बॅट टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये सरकवली. "कोल्टन, गाडी हळूहळू पुढे ढकल. आता मागे. परत पुढे." चाकाबरोबर बॅट फिरली आणि मडगार्डची आतली कड चेपून वर गेली. चार मिनिटं लागली असतील. तिनं खिडकीतून हात घालून स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं. आवाज आला नाही.

वर्लिन बघत राहिला. "हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. ऑर्विलकाकांच्या गाडीला केलं होतंत. मी टॉर्च धरला होता."

ते वर्लिनला आता आठवलं. मघाशी गडबडीत एकदाही आठवलं नव्हतं. "मग आधी का नाही बोललीस? रस्त्यात?"

"मला तर सकाळीच कळलं होतं," मार्नी हात झटकत म्हणाली. "चाक वळवून बघितलं होतं मी. बॅटही घरात होती."

"आणि बोलली नाहीस?"

"सोमवारी ॲरिझोनाला राहायला जायचंय ना, बाबा," ती म्हणाली. "आणि चर्च फक्त नऊ मिनिटांवर आहे."

वर्लिननं खिशातून रुमाल काढला आणि गाडीची काच पुसू लागला. काच स्वच्छच होती. मग त्यानं नवरा-नवरीला मागे बसवलं, स्वतः स्टिअरिंगमागे बसला आणि इंजिन सुरू केलं. चर्चच्या खिडक्या थरथरल्या.

"सर," मागून कोल्टन म्हणाला, "हॉल इथून डावीकडे, पुढच्याच चौकात आहे. आता वळेल ना डावीकडे?"

"वळेल की," वर्लिन म्हणाला. "मस्त वळेल."

फाटकाशी येऊन त्यानं दोन्हीकडे पाहिलं, आणि गाडी उजवीकडे घेतली.