खिडकीतल्या सासूबाई

शाळेच्या फळ्यावर रोज ‘आजचा शब्द’ लिहायचं मी ठरवलं आणि घरात अनर्थ झाला. (मला कुणी सांगितलं नव्हतं. सिल्वासात मराठीच्या मास्तरला अशी हौस आवरत नाही.) त्या शनिवारचा शब्द होता ‘पडदा’. मूळ फारसी. बाई तोंडावर ओढते तोही पडदा आणि खिडकीला टांगतो तोही! या शोधाने मी इतका फुगलो होतो की रविवारीही उतरलो नव्हतो.

नलिनीला मात्र कशातच रस नव्हता. माघात तिची आई गेली, तेव्हापासून बायको हसलेलीच नाही. डहाणूहून येताना तिने आईची चार लुगडी तेवढी आणली होती.

“खडोलीच्या सरुबाईकडून गोधडी शिवून घेते,” ती म्हणाली. “आईचं पांघरूण असलं की झोप लागेल बहुतेक.”

यावर नवऱ्याने पाठीवर हात ठेवायचा असतो. मी ‘गोधडी’ शब्द कुठून आला ते सांगू लागलो. ती उठून आत गेली.

सासूबाईंना माझा हा गुण ठाऊक होता. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, ही त्यांची रीत. एकदाच आल्या, वासोण्याच्या सफारीतले सिंह पाहिले आणि नलिनीने डोळ्यांत पाणी आणून राहा म्हटलं तरी संध्याकाळी परत निघाल्या. जाताना म्हणाल्या, “जावई चांगले हायत गो. पण तो सिंहसुद्धा मधेमधे तोंड मिटतो.”

तर रविवारी सकाळी नलिनी सरुबाईला आणायला खडोलीला गेली. जाताना म्हणाली, “अहो, खालचा कल्पेश टेलर पडद्यांचं कापड न्यायला येईल. पलंगावरची पिशवी द्या. खुर्चीवरच्या गाठोड्याला हात लावू नका.” मी मान हलवली. (मान हलवताना मी ऐकतोच असं नाही.)

कल्पेश आला. मी त्याला ‘पडदा’ सांगत सांगत खुर्चीवरचं गाठोडं हातात दिलं. त्याने ते सोडून पाहिलं.

“सर, आ तो साडी छे.”

“तेच तर सांगतोय! आधी अंगावर, मग खिडकीवर. शब्दाचा प्रवासच तसा आहे.”

“पण सर, मॅडमला एक फोन...”

“मॅडमला काय विचारायचंय? फारसीत...”

फारसी ऐकून कल्पेश घाबरला असावा. मापं घेऊन निघूनच गेला आणि चार वाजता चारही पडदे रिंगा लावून घेऊन आला. मीच ते टांगले. रंग जरा उदास वाटला, पण रंगांतलं मला काय कळतं?

पाच वाजता नलिनी सरुबाईला घेऊन आली.

“बाई, लुगडी कुठं आहेत?” सरुबाईने विचारलं.

नलिनीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग पलंगावरच्या पिशवीकडे. मग खिडकीकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खिडकीजवळ गेली, जांभळ्या काठावरून हात फिरवला आणि जमिनीवर बसली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

सरुबाई हळूच म्हणाली, “रडू नको बाई. उसवून देते. तुकडे जोडून गोधडी होते.”

नलिनीने पडद्याची एक चूण सरळ केली. मग डोळे पुसत म्हणाली, “नको. राहू दे. इतकी वर्षं बोलावत होते, कधी राहिली नाही. आता आलीय तर राहू दे.”

मला गलबलून आलं. तिच्याजवळ जावं, चुकलो म्हणावं, असं मनापासून वाटलं. मी खिडकीपाशी गेलो, घसा साफ केला आणि माझ्या तोंडून निघालं, “नलिनी, मुळात ‘मुक्काम’ हा शब्द...”

तेवढ्यात दमणगंगेकडून वारा आला. जांभळा पडदा फडफडून उठला आणि थेट माझ्या तोंडावर बसला. सोडवायला गेलो तर आणखीच गुंडाळला गेला.

नलिनी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, खळखळून. सरुबाई म्हणते, फार गोड हसली. मला नुसतं ऐकू आलं. सासूबाईंनी बघू दिलं नाही.