गिअर लिव्हरचा हट्ट

गॅरेजवाल्याने सांगितलं, सोमवारी आणा. रविवारी सकाळी सातला सहलीला निघणाऱ्या माणसाला सोमवार सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणंच. तेव्हा हेडक्लार्कसाहेबांनी शनिवारी चहा पिता पिता जाहीर केलं की, गिअर लिव्हर आपण स्वतः बदलणार. त्यात आहे काय? एक बोल्ट. (हे वाक्य त्यांना पुढे बरीच वर्षं ऐकून घ्यायचं होतं.)

मोटरसायकल खास लांबच्या प्रवासाची. पुढे उंच काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. तीन वर्षांत तिने घर ते ऑफिस एवढाच लांबचा प्रवास केला होता. आणि आता कुठे रजा मंजूर झाली, तर गेल्या आठवड्यात ती पार्किंगमध्ये उभ्या उभ्या आडवी झाली. स्टँड साहेबांनी अर्धाच लावला होता. लिव्हर वाकून इंजिनाला टेकली आणि गिअर पडेनासा झाला.

अर्धा स्टँड हा काही विसरभोळेपणा नव्हता, ते तत्त्व होतं. साहेब बावीस वर्षं रेकॉर्ड खात्यात होते. तिथला नियम असा की, फायलीची नाडी सैल करायची, कागद बघायचा, पण तो सुटा करायचा नाही. सुटा झाला की हरवतो. आणि नाडी परत आवळायचीही नाही, उद्या पुन्हा सोडावीच लागते. हा नियम त्यांनी मोठ्या निष्ठेने घरी आणला होता. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं नुसती टेकवलेली असत. झाकणाला धरून बरणी उचलल्यामुळे बायकोने आजवर दोनदा साखर आणि एकदा अख्खी डाळ झाडून काढली होती.

तिने एकच अट घातली. पाच वाजेपर्यंत काम झालं तर मोटरसायकल. नाहीतर ती दादाला हो म्हणणार.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याने नवी गाडी घेतली होती आणि तिच्यात कोणाला तरी बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. मागच्या वेळी साहेब त्याच्या गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर सामान घेऊन, सहा तास 'गाडी कशी चालवावी' हे व्याख्यान ऐकत गेले होते. उतरल्यावर दोन दिवस त्यांच्या उजव्या पायाला मुंग्या येत होत्या. पुन्हा तो प्रसंग नको म्हणून ते पाना घेऊन पार्किंगमध्ये उतरले. बोल्ट चटकन सैल झाला आणि साहेब मनातल्या मनात हसले.

लिव्हर मात्र तसूभर हलेना. ओढून झालं, ठोकून झालं, गंज सोडवायचा स्प्रे अर्धा डबा संपला (त्यातला निम्मा साहेबांच्या शर्टावर). साडेतीनला दादा आला. त्याने खिशात हात घालून पंधरा मिनिटं पाहणी केली आणि म्हणाला, "जावईबापू, मी सांगू का? डिकी मी रिकामी करूनच आणलीय."

साहेबांचं पित्त खवळलं. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना हाक मारली. ओढून काढण्याचा अनुभव म्हटला तर सबंध इमारतीत त्यांनाच होता. डॉक्टरांनी वाकून, टॉर्च लावून, लिव्हर दोन बोटांनी हलवून पाहिली.

"मूळ खोल गेलंय," ते गंभीरपणे म्हणाले. "धरा मला."

डॉक्टरांनी पक्कड लावली, दादाने डॉक्टरांच्या कमरेला मिठी मारली आणि ओढाओढ सुरू झाली. साडेचारला बायको खाली आली. क्षणभर तिने तो देखावा पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, "अहो, बोल्ट काढलात ना?"

"केव्हाच सैल केलाय."

"सैल नाही. काढलात का?"

"काढून कशाला ठेवायचा?" साहेब दुखावून म्हणाले. "हरवला म्हणजे?"

तिने सुस्कारा सोडला, खाली बसली आणि बोल्ट दोन बोटांनी फिरवून अलगद बाहेर काढला. आतल्या दांड्याला बरोब्बर त्या बोल्टापुरती खाच होती. बोल्ट आत असेपर्यंत लिव्हर हत्तीनेही ओढून निघाली नसती. आता ती इतकी पटकन निघाली की, डॉक्टर दादाच्या मांडीवर बसले आणि दादा ग्रीसच्या डब्यावर. दादाची पँट पाहून साहेबांना झालेला आनंद वर्णन करण्यासारखा नव्हता, आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

पावणेपाचला नवी लिव्हर तिच्याबरोबर आलेल्या नव्या बोल्टासकट बसली. बायकोने विचारलं, घट्ट केलात ना? साहेब म्हणाले, म्हणजे काय! दादा रिकामी डिकी घेऊन घरी गेला.

रविवारी सकाळी सातला स्वारी निघाली. तिसऱ्या चौकात साहेबांनी ऐटीत गिअर टाकायला पाय उचलला, तर पायाखाली काहीच नव्हतं. लिव्हर वीस पावलं मागे रस्त्यात पडली होती. बोल्टाचा तर पत्ताच नव्हता. शेवटचा अर्धा फेरा त्यांनी मुद्दाम सोडला होता, पुढच्या वेळी उघडायला सोपं जावं म्हणून.

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडीवर सामान आणि सहा तासांचं व्याख्यान डोळ्यांसमोर उभं राहिलं. दादाला फोन करावा लागणार, असं ते पुटपुटले.

बायकोने लिव्हर उचलून आणली, पर्स उघडली आणि आतून कालचा जुना बोल्ट काढला. त्यामागोमाग पाना.

"हे तू पर्समध्ये घेऊन निघालीस?"

"वीस वर्षं तुमच्या बरण्या उचलतेय मी," ती म्हणाली आणि दातओठ खाऊन बोल्ट आवळला.

गिअर खट्कन पडला. साहेबांची छाती पुन्हा फुगली. आता थेट डोंगरापर्यंत थांबायचं नाही, असं त्यांनी मागे वळून सांगितलं.

"हेल्मेटचा पट्टा लावलाय ना?" तिने विचारलं.

"म्हणजे काय!"

मागून तिचे दोन्ही हात आले आणि बरणीचं झाकण उचलावं तसं तिने हेल्मेट अलगद वर उचललं.