ट्रकामागची वरात

लॉरेन बाईंनी टेबलावर मूठ आपटली आणि वेंडेलच्या हातातली कॉफी हिंदकळून त्याच्या धुतलेल्या शर्टावर सांडली.

“उद्या तुमच्या ट्रकामागे एक जरी गाडी तळ्यापर्यंत आली ना वेंडेल, तर मुलांचा मासेमारीचा दिवस बंद! कायमचा! हेड ऑफिसातून तो प्रेंटिस साहेब येतोय, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.”

“नाही येणार हो कुणी. मी काय आज ट्रक चालवतोय का?”

“सत्तावीस वर्षं चालवताय. आणि सत्तावीस वर्षं शेपूट घेऊन फिरताय!”

बाई वयानं लहान, पण वॉर्डन म्हणून त्याच्या साहेब, आणि बोलल्या ते शंभर टक्के खरं. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वेंडेल हॉस्टेटर नोकरीला होता. ट्राउट माशांची पिल्लं दीड वर्ष बगळ्यांपासून आणि रोगराईपासून जपायची, हातभर झाली की ट्रकाच्या टाक्यांत भरायची आणि डोंगरातल्या ओढ्या-तळ्यांत नेऊन सोडायची, हे त्याचं काम. आणि ट्रक हॅचरीच्या फाटकाबाहेर पडला रे पडला की त्याच्या मागे लागायचं, हे सायडर फोर्क गावातल्या तमाम निवृत्त मंडळींचं काम. ट्रक थांबला की हे थांबणार, आणि मासा पाण्यात पडायच्या आत यांचा गळ पाण्यात! बोलायची सोय नाही. परवाना प्रत्येकाच्या खिशात, आणि रस्ता काही कुणाच्या बापाचा नाही.

गेल्या वर्षी तर कहर झाला. मुलांसाठी टॅनर तळ्यात सहाशे मासे आदल्या दिवशी सोडले होते, आणि सकाळी पोरं येईपर्यंत तळ्यात फक्त बेडूक शिल्लक. पिवळा रेनकोट घातलेली एक चिमुरडी चार तास काठी धरून उभी राहिली आणि शेवटी वेंडेलला विचारती झाली, “आजोबा, मासे माझ्यावर रागावलेत का?” त्या दिवशी वेंडेलला जेवण गेलं नाही. म्हणून यंदा मासे त्याच सकाळी सोडायचे, दहाच्या आत, असं ठरलं. तळ्यावर पाटीही लागली, ‘आज फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी’. पण पाटी वाचून गळ आवरणारा माणूस त्या खोऱ्यात अजून जन्माला यायचा होता.

वेंडेलनं गुप्तता पाळली म्हणजे किती पाळली! बायकोलासुद्धा सांगितलं नाही. एप्रिलातली सकाळ, दाट धुकं. गावातून जाताना तो डॉटीच्या डोनटच्या दुकानापाशी थांबला नाही, टोपी डोळ्यांवर ओढून सरळ पुढे निघाला. आपल्या हुशारीवर तो बेहद्द खूश होता. पुढच्या चौकात थांबला, तर शेजारी एक लाल पिकअप येऊन उभी राहिली. काचेतून बर्ल स्टुट्झमनचं लालबुंद तोंड बाहेर आलं. बर्ल म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि ट्रकामागच्या टोळीचा म्होरक्या.

“काय रे वेंडेल, बरं नाही वाटत?”

“का? मला काय धाड भरलीय?”

“सत्तावीस वर्षांत डॉटीच्या दुकानावरून तू उपाशी पुढे गेला नाहीस. आम्ही खिडकीत बसून बघत होतो. म्हटलं, हा पठ्ठ्या डोनट सोडतो म्हणजे आज टाकीत भलताच ऐवज दिसतोय!”

वेंडेलनं कपाळाला हात लावला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! आरशात पाहिलं तर लाल पिकअपच्या मागे आणखी सात गाड्यांचे दिवे.

पण तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. गावाबाहेर एका शेताच्या कडेला गुरांचं पाणी प्यायचं डबकं होतं. वेंडेलनं ट्रक तिथे थांबवला, घाईघाईनं उतरला, मागचा जाडजूड पाइप ओढून डबक्याकडे नेला आणि चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. बस्स! आठ गाड्यांची दारं धडाधड उघडली. बर्ल तर बूट न काढताच गुडघाभर पाण्यात उतरला. वेंडेलनं पाइप गुंडाळला, टुणकन ट्रकात चढला आणि निघाला. मागून शेतकऱ्याच्या बायकोचा आवाज आला, “माझ्या गाईंच्या पाण्यात काय करताय रे, घोड्यांनो?” वेंडेल इतका हसला, इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

हसू काही फार टिकलं नाही. फसवले गेलेले आठ जण गप्प बसणार थोडेच? त्यांनी फोन फिरवले. ‘वेंडेल आज डावपेच खेळतोय’ म्हटल्यावर अंथरुणात लोळणारेसुद्धा उठले. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत वेंडेलच्या मागे तीस गाड्या होत्या. पळावं, तर टाकीतलं पाणी उसळून मासे अर्धमेले होणार, त्यामुळे ट्रक आपला बैलगाडीच्या चालीनं. पुढे ट्रक, मागे धुक्यात दिवे लावून एका ओळीत संथ येणारी रांग.

आणि मग एक विचित्र गोष्ट घडायला लागली. समोरून येणाऱ्या गाड्या रस्त्याच्या कडेला घेऊन थांबायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं तर गाडीतून उतरून टोपी काढली आणि छातीशी धरली.

“आता याला काय झालं?” वेंडेल पुटपुटला. मग त्यानं पुन्हा आरशात पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटाच आला. दिवे लावलेली रांग, मंद चाल. अरे देवा, लोकांना ही प्रेतयात्रा वाटतेय!

तरी एक आशा होती. पुढच्या गावातला सिग्नल. पिवळा होता होता आपण सटकायचं, मागची वरात लाल दिव्यावर अडकली की डावीकडच्या जंगलवाटेनं पसार. वेंडेलनं वेळ अगदी सेकंदावर साधली. पण चौकात ड्यूटीवर होता रॉइस नावाचा तरुण पोलिस डेप्युटी, भारीच भाविक पोरगा. धुक्यातून ती रांग येताना पाहून त्यानं आपली गाडी आडवी घातली, वरचे दिवे फिरते केले, बाकीची सगळी वाहतूक रोखली आणि हॅट काढून ट्रकाच्या खिडकीशी आला.

“फार वाईट झालं, काका. कोण गेलं?”

“अजून कुणी नाही रे बाबा! पण दहा वाजता मी जाणार!”

“असं खचून जाऊ नका, काका,” रॉइसनं खिडकीतून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मी आहे ना. तुमचा एकही माणूस मागे राहू देणार नाही.”

“अरे, राहू दे! मागेच राहू दे त्यांना!”

दुःखानं माणूस काहीबाही बोलतो, हे रॉइसला ठाऊक होतं. त्यानं एकेक गाडी सन्मानानं लाल दिव्यातून पार केली. वर वायरलेसवरून पुढच्या गावालाही कळवलं. तिथल्या चर्चच्या बायका मौतीच्या घरी जेवण पोचवण्यात पंचक्रोशीत एक नंबर. कोण गेलं हे नंतर कळेल, आधी जाऊन तर येऊ, म्हणत त्या भाजलेल्या मॅकरोनीची भांडी मांडीवर घेऊन चार गाड्यांतून रांगेत घुसल्या.

टॅनर तळ्याच्या वळणावर वेंडेलनं शेवटचं मोजलं. त्रेचाळीस गाड्या! त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता तळं रिकामं, पोरं रडवेली, दिवस कायमचा बंद, आणि सगळं आपल्यामुळे.

तळ्याकाठी वेगळीच कळा होती. धुक्यामुळे जेमतेम सोळा मुलं आलेली. त्यात ती पिवळ्या रेनकोटवाली होतीच. प्रेंटिस साहेब हातात माणसं मोजायचं खटक्याचं यंत्र घेऊन उभे, आणि खटका काही वाजत नव्हता. लॉरेन बाईंनी वळणावरून येणारी ती रांग पाहिली आणि डोकंच धरलं. गाड्या थांबल्या. पन्नाससाठ माणसं गळ, काठ्या, बादल्या घेऊन धावत सुटली. सगळ्यांत पुढे बर्ल, बुटांतून पचक पचक आवाज करत.

बाई बाकावर चढल्या. “थांबा! एक पाऊल पुढे टाकलंत तर परवाना जप्त! पाटी वाचता येते ना? बर्ल, तुमचं वय काय?”

“सदुसष्ट.”

“अकलेनं मोजलं तर बसेल बारात,” वेंडेल म्हणाला. पोरं खदखदून हसली.

“मग जातो आम्ही,” बर्ल चिडून वळला.

“जाताय कुठे?” बाई गरजल्या. “जमीन ओली आहे, ट्रक काठापर्यंत गेला तर रुतेल. सहाशे मासे इथून पाण्यात काय उडत जाणार? उचला बादल्या!”

मासे बादलीतून न्यायचे म्हटल्यावर म्हाताऱ्यांची कळी खुलली. दोन रांगा लागल्या. बादलीत सोनेरी ट्राउट उसळली की “आहाहा! बघ रे, बघ!” असा पुकारा व्हायचा. पावणेदहाला शेवटचा मासा पाण्यात पडला आणि दहाला पोरांचे गळ. मग खरी पंचाईत झाली. भरलेलं तळं समोर, आणि काठीला हात लावायचा नाही! बर्लची तगमग बघवेना. “अगं, असं नाही, गांडूळ दुमडून लाव,” करत तो रेनकोटवालीपाशी बसलाच. पोराला मदत करायला बाईंची हरकत नव्हती. पण पोरं सोळा आणि म्हातारे साठ. उरलेल्यांनी काय करावं? पुन्हा फोन फिरले.

“सूनबाई, पोरांना उठव! दात घासले नसले तरी चालतील!”

“शेजारीण बाई, तुमची जुळी तासभर उसनी मिळतील का?” हे विचारणारे एमॉस अण्णा तर बिनलग्नाचे.

अकरापर्यंत पोरांनी काठ फुलून गेला. मौतीला आलेल्या बायकांना मौत काही सापडेना, तेव्हा त्यांनी मॅकरोनी पोरांना वाढली. तेवढ्यात रेनकोटवालीची काठी कमानीसारखी वाकली. “धर! धर! सोडू नको, माझे आई!” बर्ल ओरडत होता. मासा बाहेर आला, तो तिच्या हाताएवढा. पोरगी नाचली, बर्ल नाचला, आणि वेंडेलनं ट्रकाआड जाऊन डोळे पुसले.

“दोनशे एकतीस!” प्रेंटिस साहेबांचा अंगठा खटका दाबून सुजला होता. “लोकांना निसर्गाकडे वळवायचं म्हणून आम्ही बैठकांवर बैठका घेतो. ही मिरवणुकीची कल्पना कुणाची?”

लॉरेन बाईंनी एक क्षणही वाया घालवला नाही. “आमच्या वेंडेलची.”

दुसऱ्या वर्षी हेड ऑफिसातून हुकूम आला. माशांच्या ट्रकाची अधिकृत मिरवणूक! सात वाजता फाटकावर जमणे, छापील नकाशा, नावनोंदणीचा तीन पानी फॉर्म, आणि ट्रकाला निळा फलक. वेंडेल पावणेसातपासून इंजिन सुरू करून बसला. सात वाजले. सव्वासात झाले. फाटकावर चिटपाखरू नाही. सत्तावीस वर्षं जे शेपूट तुटावं म्हणून त्यानं जीव टाकला, ते आज नाही म्हटल्यावर त्याला एकदम पोरकं वाटलं. शिवाय ती सगळी नातवंडंही याच मंडळींबरोबर येणार होती.

तो ट्रक घेऊन थेट बर्लच्या घरी गेला. बर्ल ओसरीत कठड्यावर पाय टाकून कॉफी पीत होता.

“येत नाहीस?”

“कशाला? वेळ छापलीय, रस्ता छापलाय, वर फॉर्म! अरे, पाठलाग करायचा तर पुढचा माणूस पळायला नको का? यात कसली मजा?”

वेंडेलनं ट्रकाचा फलक काढून सीटखाली सारला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “बर्ल, तुझ्या गळ्याशपथ, कुणाला बोलू नकोस. त्या नकाशातल्या रस्त्यानं मी जाणारच नाहीये.”

एवढं बोलून त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि मासे सांभाळून जमेल तेवढा ट्रक पळवला. दुसऱ्याच वळणावर आरशात एक लाल पिकअप दिसली. तिच्यामागे दोन दिवे, मग सहा, मग त्याला मोजता येईनात. वेंडेलनं खुशीत शीळ घातली आणि वेग बेतानं थोडा कमी केला. आता वय झालंय बिचाऱ्यांचं, मागे राहायला नकोत.