हौशीरामआबांचा ट्रेलर आणि लीलाची म्हैस

जीपच्या मागं काय वाट्टेल ते जोडा, मी ओढून दाखवतो! लोणावळ्याच्या एका बंगल्यावर मी ड्रायव्हर होतो, तेव्हा हे वाक्य माझ्या तोंडात कायम असायचं. चौसष्ट-पासष्टची गोष्ट. साहेबांना गुलाबांसाठी खत हवं होतं.

"साहेब, आमच्या टाकव्याच्या शेणखताला अख्ख्या मावळात तोड नाही! उद्याच आणतो!" मी बोलून बसलो.

खत गावात ढिगानं होतं. ट्रेलर मात्र एकट्या हौशीरामआबांकडे! लष्कराच्या लिलावात घेतलेला, विजेवर चालणाऱ्या ब्रेकचा. दसऱ्याला आबा त्याला झेंडूच्या माळा घालायचे, आणि एरवी कुणाला बोट लावू द्यायचे नाहीत.

"आन् वाटंत काय झालं म्हंजी? कोन निस्तरनार?" आबांनी विचारलं.

"मी! नुसता पोचा जरी आला ना आबा, तर माझी म्हैस तुमच्या दावणीला!"

आता म्हैस माझी नव्हती. बायकोनं, लीलानं, माहेराहून आणली होती. पण बोलण्याच्या भरात असलं बारीकसारीक कोण बघतो?

"तरी बी मी येनार संगं," आबा म्हणाले. येताना वैरण कापायची म्हणून विळा कमरेला खोचला आणि ट्रेलरमधल्या खतावर चढून बसले.

ट्रेलरची वायर जीपच्या ब्रेकच्या वायरीला जोडायची होती. म्हणजे मी इकडं पाय दाबला की तिकडं ट्रेलरची चाकंही थांबणार. जीपमागं दोन वायरी लोंबत होत्या. मी एक जोडली. दुसरी उरली. उरली तर उरली!

कान्हे फाट्यावर शेरडं आडवी आली. मी भोंगा वाजवला. गच्च! मागनं असा हिसका बसला की माझी टोपीच उडाली. मला वाटलं, खड्डा असेल.

मागं आबा तोंडावर आपटले होते. त्यांनी फळीवर धडाधडा हात मारले. "ए नथ्याऽऽ!"

आमच्याकडं कुणी डोंगरावरनं हाक मारली तरी 'ओ' द्यावी लागते. नाही दिली, तर माणूस माजला म्हणतात. पण इंजिनाच्या आवाजात माझी ओ आबांना कुठनं ऐकू जाणार? म्हणून मी भोंग्यानं ओ दिली.

गच्च! आबा पुन्हा खतात.

"आरं नथ्याऽऽ!"

पीऽप! गच्च!

"नथ्याऽऽ, मुडद्याऽऽ!"

पीऽप! पीऽप! वडीलधाऱ्या माणसाला मी काय ओ देणार नाही होय?

आबा मात्र हुशार. भोंगा वाजला की चाकं अडतात, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. सरपटत पुढं आले आणि विळ्यानं वायरच कापली! नेमका तेव्हाच कामशेतच्या खिंडीचा उतार लागला.

मी ब्रेक दाबला. जीप थांबायला बघतेय, ट्रेलर ढकलतोय! आई गं! खाली बाजीरावाचं चहाचं हॉटेल दिसायला लागलं. मी भोंगा वाजवला, देवाचं नाव घेतलं आणि स्टिअरिंग बांधाकडं वळवलं. ट्रेलरचा कोपरा धाडकन दगडावर! जीप शाबूत, ट्रेलरला हाताएवढा पोचा, आणि अर्धं खत आबांसकट हॉटेलच्या दारात!

"म्हैस सोड!" आबा उठायच्या आधीच ओरडले.

"कशाला सोडू? वायर तुमीच तोडली!" कापलेली वायर आणि खतात पडलेला विळा बघून मी म्हणालो.

"तू ती भोंग्याला जोडली म्हून तोडली!"

बाजीरावानं दोन्ही वायरी निरखून पाहिल्या.

"जोडनारा गाढव, आन् तोडनारा त्याचा थोरला भाऊ," तो म्हणाला. "म्हैस हाय तितंच ऱ्हाईल. आधी माझ्या दारातलं खत उचला. मग चा देतो."

आबांनी मिशीतलं शेण पुसलं आणि ते खो खो हसत सुटले. आम्ही दोघांनी खत भरलं, पोचा ठोकून सरळ केला, वायर नीट जोडली आणि लोणावळ्याला पोहोचलो. साहेब खूश!

संध्याकाळी घरी आलो तर लीला धार काढत होती. मला आनंद काही पोटात राहीना.

"लीले, देवानं राखलं बघ! आज तुझी म्हैस थोडक्यात वाचवली मी!"

धार थांबली.

"माझी म्हैस? ती तर दिसभर हितंच हाय. कशातनं वाचवली?"

मग काय! सगळं सांगावं लागलं. पुढं महिनाभर मला चहा कोराच मिळाला. आणि आबांच्या घरी रोज तांब्याभर दूध जात होतं, माझ्यामुळं त्यांचं अंग ठेचकाळलं म्हणून! ते पोचवायला कोण जायचं, हेही सांगू का?