एका चुलीवरची माणसं

जाधवसाहेब कुणाला नाव विचारत नसत, चूल विचारत. भिसेगावात आमच्या शेजारच्या खोलीत ते बायकोला घेऊन राहायला आले, तेव्हा माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, “मास्तर, आपल्या चुलीवर किती माणसं?” मला वाटलं, गृहस्थ जेवायला यायच्या बेतात आहेत.

ते सरकारी आहार-पाहणीत होते. लोक काय आणि किती खातात, हे घरोघर फिरून विचारायचं. आकडा इथून मुंबईला, तिथून दिल्लीला आणि पुढे परदेशातही जातो, असं ते अभिमानाने सांगत. “खालापुरात माणूस काय खातो, ते जगाला खरं कळलं पाहिजे,” हे त्यांचं पालुपद. आमच्याकडे वांग्याची भाजी खारट झाली की मला उगाच जगाची लाज वाटायची.

खरं काढून घेणं मात्र सोपं नव्हतं. खालापूरकडच्या एका वाडीत म्हातारीने सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून सांगितलं. साहेब कळवळले, डब्यातली पोळी काढून तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, “नको रं बाबा, पोट भरलंय माजं. पेज प्याले ना.” पेज पितात, खात नाहीत, मग ती खाल्ल्यात कशी धरायची? तेव्हापासून साहेब “काय खाल्लं, काय प्यालात” असं विचारू लागले, आणि नेरळच्या एका दारुड्याने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता देता त्यांची गाडी चुकवली.

चुलीच्या बाबतीत तर ते हट्टी. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे रांधत असले तर ती दोन घरं. महिनाभर ज्या चुलीवर जेवला, त्या घरचा तो माणूस, मग पाहुणा का असेना. आणि एक माणूस दोन चुलींवर धरायचा नाही. यावरून त्यांनी सख्ख्या भावांची भांडणं अंगावर घेतली होती.

त्यांची स्वतःची चूल बायको वारल्यापासून थंडच होती. एकदा ते तापाने पडले, तेव्हा आमच्या हिने ताट पाठवलं. ताप गेला, ताट राहिलं. पुढे ते दोन्ही वेळा आमच्याकडेच जेवू लागले.

पुढच्या पाहणीत आमचं घर आलं. हिने माणसं पाच सांगितली. साहेबांनी दुरुस्त केलं, “चार, वहिनी. तुम्ही दोघं, दोन मुलं.”

“आणि भावोजी, वर्षभर जेवतंय ते कोण?”

साहेबांनी वही मिटली, उद्या येतो म्हणाले. संध्याकाळी जेवायला आले नाहीत.

मी बघायला गेलो. ते दिवा न लावता चुलीपाशी बसले होते.

“वहिनींचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “नियमाने मी तुमच्यातलाच. पण मग या चुलीवरचं माझं नाव काढावं लागेल, मास्तर. आमच्या हिची चूल मोडली, असं माझ्याच हाताने लिहायचं.”

मला फार वाईट वाटलं. घरी येऊन हिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. भाकरी थापता थापता, वर न बघता ही म्हणाली, “चार.”

त्यांनी लिहून घेतलं. खरं का, म्हणून विचारलं नाही.

“आता हातपाय धुवा,” ही म्हणाली, “पान वाढते.”