लग्न नक्की कधी लागलं?

भाचीचं लग्न मी लावणार, हे मी स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. "धार्मिक विधी एकही नको, सगळं आमचं आम्ही ठरवू," असं ती दोघं म्हणाली आणि मी छाती पुढे काढली. आमच्या ऑफिसातला एकही निरोपसमारंभ माझ्या भाषणाशिवाय झालेला नाही! लोक निवृत्त व्हायला घाबरतात ते त्याचमुळे, असं बायको म्हणते. तिचं काय मनावर घ्यायचं!

"पण विधीच नाहीत, तर लग्न लागलं कधी समजायचं?" माझ्या बहिणीने विचारलं.

"आम्ही एकमेकांना वचन दिलं की लागलं," भाची म्हणाली.

हे ऐकून नवरामुलगाच पांढराफटक पडला. पोरगा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. अंधाऱ्या खोलीत एका वेळी एकाच माणसाशी बोलायची सवय. चारचौघांत तोंड उघडलं की अरुंद जिन्यात सोफा अडकावा तसे याचे शब्द अडकतात!

"घाबरतोस काय? मी आहे ना!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. बिचाऱ्याला ठसका लागला.

लग्नाच्या दिवशी हॉल गच्च भरला. स्टेजचा पडदा अजून बंद होता. पडद्यामागे मी घसा साफ करतोय, तेवढ्यात दरवान धावत आला.

"साहेब, निळी गाडी तुमची ना? जेवणाचा टेम्पो अडकलाय!"

मी धावलो. जाताजाता ऐकलं, माईकवाला नवऱ्यामुलाला सांगत होता, "काहीही बोला, आवाज बघतो. बाहेर ऐकू जात नाही."

गाडी हलवून, दोन गल्ल्या पलीकडे जागा शोधून परत येतो तर काय! अर्धी मंडळी जेवतायत! बहीण डोळे पुसतेय, दाजी व्याह्यांच्या गळ्यात पडलेत. मी पडद्यासमोर उभा राहून हात उंचावून ओरडलो, "थांबा! जेवू नका! लग्न लागायचंय अजून!"

व्याह्यांचा घास हातातच राहिला. "मग मघाशी लागलं ते काय होतं?"

"मघाशी? मघाशी माईक तपासत होते!"

"छे हो, मी स्वतः टाळ्या वाजवल्या!"

"लागलं!" "नाही लागलं!" हॉलमध्ये निवडणूकच सुरू झाली!

पडदा बाजूला सारून ती दोघं बाहेर आली. मग उलगडा झाला. माईकवाल्याने "बोला" म्हटल्यावर पोरगा सवयीने भाचीला म्हणाला होता, "आता स्पष्ट दिसतंय?" ती हसली. "आणखी बोला," माईकवाला म्हणाला. तेव्हा तो म्हणाला, "लोकांसमोर मला जमणार नाही, म्हणून आत्ताच सांगतो. दिवसभराचं सगळं मला तुलाच सांगावंसं वाटतं. आयुष्यभर सांगेन. आणि तुझंही ऐकेन." एकदाही न अडखळता! स्पीकर मात्र चालू होते. टाळ्या पडल्या, त्या जेवणाचा टेम्पो आल्याच्या असाव्यात असं त्याला वाटलं!

"सग... सगळ्यांनी ऐकलं?" तो मटकन खुर्चीत बसला.

"सगळ्यांनी," भाची म्हणाली.

"पण मुलगी कुठे काय बोलली?" व्याह्यांची बहीण गरजली. "म्हणजे लग्न अर्धंच लागलंय!"

पोराचे कान लालबुंद झाले. भाची त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. माईकबिईक काही नाही.

"तू अडखळलास तर तुझं वाक्य मी पुरं करणार नाही," ती म्हणाली. "मी थांबेन."

कुणी टाळी वाजवली नाही. बहीण पुन्हा रडायला लागली. मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "आता लागलं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मला वाटतं... लागलं," मी म्हणालो. सगळे परत जेवायला बसले.

फोटोवालाही जेवतच होता. समारंभाचा म्हणून त्याने एकच फोटो काढला, मी हात वर करून बोंबलतोय तो. भाचीने तो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. पाहुणे विचारतात, "हे कोण? भांडण झालं होतं का?"

"हे मामा," ती अभिमानाने सांगते. "आमचं लग्न यांनीच लावलं."

मी चहाच्या कपात बघत राहतो.